साहित्याचा शोध ग्रंथालयातून: एका प्रश्नापासून टिपणवहीपर्यंत

ग्रंथालयातून वाचायला पुस्तक आणणे आणि ग्रंथालयात बसून साहित्याचा शोध घेणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्या कामात पुस्तकाचे नाव आपल्याला ठाऊक असते. दुसऱ्या कामात केवळ एक कुतूहल मनात असते आणि ते कोणत्या कपाटापाशी नेईल हे ठाऊक नसते. सार्वजनिक ग्रंथालयातील साहित्य सहसा आधी भाषेनुसार, मग प्रकारानुसार आणि मग कालखंडानुसार लावलेले असते, पण वाचकाला पडणारा प्रश्न बहुधा या मांडणीला आडवा छेद देऊन जातो. म्हणून ही मांडणी आधी समजून घ्यावी लागते. ती समजली की तिला आडवे चालता येते, आणि पुढील सगळे मार्गदर्शन याच एका गोष्टीविषयी आहे. उदाहरणादाखल एकच विषय शेवटपर्यंत हाताशी ठेवू: पत्ररूप कादंबरी, म्हणजे पात्रांनी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांतून उलगडणारी कादंबरी.

प्रश्न कागदावर उतरवावा

‘पत्ररूप कादंबरी’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. विषय घेऊन गेलेला वाचक पुस्तकांच्या ढिगात बसतो आणि कोणते पान उघडावे हे त्याला ठरवता येत नाही. त्यामुळे घरून निघण्यापूर्वीच एक पूर्ण प्रश्नार्थक वाक्य लिहावे. उदाहरणार्थ: अठराव्या शतकातील युरोपीय कादंबरीकारांना गोष्ट पत्रांतून सांगावीशी का वाटली, आणि पुढे ही रीत मागे का पडली? हे वाक्य अंतिम असण्याची गरज नाही. ते बदलणारच आहे, आणि ते बदलले नाही तर शोध नीट झाला नाही असे मी तरी समजतो.

वाक्याखाली शोधशब्दांची यादी करावी. एकाच गोष्टीला ग्रंथकार वेगवेगळी नावे देतात: पत्ररूप, पत्रात्मक, पत्रकादंबरी, पत्रशैलीतील कथन. इंग्रजी पुस्तकांसाठी ‘एपिस्टोलरी नॉव्हेल’ ही संज्ञा लागेल. जवळचे शब्दही लिहावेत, जसे रोजनिशी, आत्मकथन, पत्रव्यवहार. कालखंड, भाषा आणि ठाऊक असतील ती लेखकांची नावे वेगळ्या रकान्यात लिहावीत. ही यादी पुढे तालिकेसमोर, म्हणजे ग्रंथालयातील पुस्तकांच्या नोंदींच्या यादीसमोर, बसल्यावर उपयोगी पडते, कारण पडद्यासमोर बसले की समानार्थी शब्द आठवत नाहीत.

सुरुवात संदर्भ विभागापासून

अनेकजण थेट कपाटांकडे जातात. माझा आग्रह मात्र असा आहे की पहिला तास संदर्भ विभागात घालवावा. ज्ञानकोश, वाङ्मयकोश, साहित्यसंज्ञांचे कोश आणि लेखकांचे चरित्रकोश तेथे असतात. ते घरी नेता येत नाहीत, पण जागेवर बसून वाचता येतात.

कोश उघडताना थेट अपेक्षित नोंदीकडे जाऊ नये. बहुखंडी कोशाला बहुधा सूचीचा, म्हणजे कोणता शब्द वा नाव कोणत्या पानावर आहे हे सांगणाऱ्या यादीचा, स्वतंत्र खंड असतो आणि पत्ररूप कादंबरीविषयीचा सर्वांत उपयुक्त मजकूर ‘कादंबरी’ या नोंदीत, एखाद्या लेखकावरील नोंदीत किंवा ‘पत्रवाङ्मय’ या नोंदीत दडलेला असू शकतो. सूचीत एकदा शोधले की ही सगळी ठिकाणे एका ओळीत सापडतात. किमान तीन कोशांतील नोंदी वाचाव्यात आणि तिन्हींत कोणती नावे पुन्हा पुन्हा येतात ते टिपावे. आपल्या उदाहरणात सॅम्युअल रिचर्डसनची ‘पामेला’ (१७४०), गटेची ‘वेर्थर’ (१७७४) आणि लाक्लोची ‘ले लियेझाँ दांजरझ’ (१७८२) ही नावे हमखास येतील. ही आपली पहिली खुंटी. नोंदीच्या शेवटी दिलेली संदर्भग्रंथांची यादी वहीत उतरवून घ्यावी, कारण त्या क्षेत्रातल्या जाणकाराने आधीच केलेली ती निवड असते. कोशाचे प्रकाशनवर्षही पाहावे. जुन्या कोशातील मते कालबाह्य झालेली असू शकतात, मात्र नव्या कोशांनी जागेअभावी गाळलेल्या लेखकांची माहिती जुन्यातच सापडते.

तालिका: घाई न करण्याची जागा

ग्रंथालयाची तालिका आता बहुतेक ठिकाणी संगणकावर असते आणि तिला ‘ओपॅक’ म्हणतात. तिच्यात लेखक, शीर्षक, विषय आणि मुक्त शब्द अशा चार वाटांनी शोध घेता येतो. या चार वाटांतील फरक कळणे हे अर्धे काम आहे. मुक्त शब्दाचा शोध नोंदीत तो शब्द कुठेही असला तरी ती नोंद दाखवतो, त्यामुळे ‘पत्र’ असा शब्द टाकला तर वृत्तपत्रे आणि पत्रकारिता यांचीही पुस्तके समोर येतात. विषयशोध मात्र तालिकाकाराने विचारपूर्वक दिलेल्या विषयशीर्षकांतच शोधतो. ही शीर्षके ठरावीक शब्दांत असतात आणि ती वाचकाला आधीपासून माहीत असण्याचे कारण नाही.

यावर एक साधा उपाय आहे. आधी मुक्त शब्दाने शोधून विषयाला नेमके लागू पडणारे एक तरी पुस्तक मिळवावे. त्याची पूर्ण नोंद उघडावी आणि तालिकाकाराने त्याला कोणती विषयशीर्षके दिली आहेत ते पाहावे. मग त्याच शीर्षकाने पुन्हा शोधावे. ज्या पुस्तकांच्या नावांत ‘पत्र’ हा शब्दही नाही अशी पुस्तके या दुसऱ्या फेरीत समोर येतात, आणि बहुतेक वेळा तीच जास्त मोलाची निघतात.

देवनागरीत शोधताना काही अडचणी ठरलेल्या आहेत. ऱ्हस्वदीर्घाच्या एका फरकाने नोंद सापडत नाही. परकी नावे तर अनेक प्रकारे लिहिली जातात: गटे, ग्योटे, गोएथे. काही ग्रंथालयांत मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमन लिपीत केलेल्या असतात आणि तेथेही लिप्यंतर एकसारखे नसते. म्हणून एक शोध रिकामा गेला तर ‘पुस्तक नाही’ असा निष्कर्ष काढू नये. नावाची तीन-चार रूपे घालून पाहावीत, आडनाव आधी लिहावे, आणि तालिकेत सोय असेल तर शब्दाचा सुरुवातीचा भाग लिहून पुढे तारांकन द्यावे, म्हणजे त्या भागापासून सुरू होणारे सगळे शब्द शोधले जातात. सलग शब्दसमूह हवा असेल तर तो अवतरणचिन्हांत टाकावा. अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादकाच्या नावानेही शोध घ्यावा, कारण अनुवादात शीर्षक पार बदललेले असू शकते.

जुन्या ग्रंथालयांत कार्डांची लाकडी कपाटे अजून जपलेली असतात. संग्रहातील सगळी पुस्तके संगणकावर चढलेली आहेत का, हे कर्मचाऱ्यांना अवश्य विचारावे. चढलेली नसतील तर जुन्या पुस्तकांसाठी त्या खणांना पर्याय नाही.

नोंद सापडली की बोधांक, म्हणजे पुस्तकाची कपाटातील जागा सांगणारा क्रमांक, पूर्ण उतरवून घ्यावा. विषय दाखवणारा वर्गांक आणि त्याखालील, त्या विषयातले नेमके पुस्तक दाखवणारा ग्रंथांक या दोन्ही ओळी मिळून बोधांक होतो, आणि फक्त वरची ओळ लिहून नेली तर शंभर पुस्तकांच्या रांगेसमोर उभे राहण्याची पाळी येते. पुस्तक कोणत्या शाखेत आहे, मुक्तद्वार विभागात (जेथे वाचक स्वतः पुस्तक काढू शकतो) आहे की बंद कपाटात, सध्या कोणाकडे गेलेले आहे का, हेही त्याच वेळी पाहावे.

वर्गांक काय सांगतो

जगातील पुष्कळ सार्वजनिक ग्रंथालये मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेली दशांश वर्गीकरण पद्धत वापरतात. तिची पहिली आवृत्ती अवघ्या ४४ पानांची होती आणि तीवर लेखकाचे नावही नव्हते. या पद्धतीत सगळे ज्ञान दहा वर्गांत विभागले जाते आणि साहित्याला ८०० हा वर्ग मिळतो. त्यापुढे भाषा येते: ८२० इंग्रजी, ८३० जर्मन, ८४० फ्रेंच. भाषेनंतर प्रकार येतो: १ म्हणजे काव्य, २ नाटक, ३ कथात्म साहित्य, ४ निबंध, ६ पत्रे. म्हणून ८२३ म्हणजे इंग्रजी कथाकादंबरी आणि ८२६ म्हणजे इंग्रजी पत्रवाङ्मय. मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये येते आणि मराठी कथाकादंबरीला ८९१.४६३ हा अंक मिळतो.

आता आपला विषय या मांडणीत कुठे बसतो ते पाहू. ‘पामेला’ ८२३ मध्ये, ‘वेर्थर’ ८३३ मध्ये, लाक्लो ८४३ मध्ये. दस्तयेव्हस्कीची १८४६ ची पहिली कादंबरी दोन पात्रांच्या पत्रांतून घडते, ती रशियन कथासाहित्याच्या ८९१.७३ मध्ये. पत्रे, रोजनिश्या, तारा आणि वृत्तपत्रांतील कात्रणे यांतून रचलेली ‘ड्रॅक्युला’ (१८९७) पुन्हा ८२३ मध्ये, आणि ॲलिस वॉकर यांची ‘द कलर पर्पल’ (१९८२) अमेरिकन कथासाहित्याच्या ८१३ मध्ये. एका साहित्यप्रकाराची ही भावंडे अशी विखुरलेली असतात, आणि कपाटांमधून कितीही हिंडले तरी ती एकत्र दिसणार नाहीत.

त्यांना एकत्र आणणारी पुस्तके मात्र असतात, आणि ती कुठे शोधायची हे वर्गांकच सांगतो. अनेक भाषांतील कादंबरीचा इतिहास आणि समीक्षा ८०९.३ मध्ये, कादंबरीलेखनाच्या तंत्राचा विचार ८०८.३ मध्ये, विषयवार ग्रंथसूची ०१६ मध्ये. एखाद्या विशिष्ट लेखकावरील समीक्षा मात्र त्या लेखकाच्या कलाकृतींशेजारीच ठेवली जाते, त्यामुळे कादंबरी घेताना तिच्या दोन्ही बाजूंची पुस्तके पाहावीत.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. वर्गीकरणाच्या नियमानुसार अनुवाद मूळ भाषेच्या साहित्यात जातो, म्हणजे ‘वेर्थर’चा मराठी अनुवाद ८३३ मध्ये असायला हवा. प्रत्यक्षात अनेक सार्वजनिक ग्रंथालये वाचकांच्या सोयीसाठी कथाकादंबऱ्या वर्गांकाशिवाय, लेखकाच्या आडनावानुसार वेगळ्या लावतात आणि अनुवादही त्यांतच मिसळतात. आपल्या ग्रंथालयाची रीत पहिल्याच भेटीत विचारून घ्यावी.

मांडणीला आडवे जाण्यातून काय मिळते हे याच विषयात फार सुंदर दिसते. रिचर्डसन हा व्यवसायाने मुद्रक होता, आणि सामान्य वाचकांसाठी नमुनापत्रांचे पुस्तक तयार करत असताना त्याला ‘पामेला’ सुचली. म्हणजे कादंबरीची एक मुळी पत्रलेखन शिकवणाऱ्या पुस्तकांत आहे, आणि ती पुस्तके साहित्याच्या कपाटात असली तरी कादंबऱ्यांपासून दूर, ८०८.६ मध्ये असतात. टपालाचा इतिहास तर आणखी लांब, ३८३ मध्ये. तेथे गेल्यावर कळते की ब्रिटनमध्ये १८४० पूर्वी टपालखर्च अंतर आणि कागदांची संख्या यांवर ठरत असे आणि तो बहुधा पत्र स्वीकारणाऱ्याला द्यावा लागे. एका पेनीचा समान दर १८४० साली आला. पत्र महाग असताना पत्ररूप कादंबरी ऐन भरात होती, आणि पत्र स्वस्त झाले तेव्हा तिचा बहर ओसरलेला होता. ही माहिती समोर आली की सुरुवातीचा प्रश्न बदलावा लागतो. महाग पत्रात जे वजन होते त्याचा या कादंबऱ्यांशी काही संबंध होता का, असा नवा प्रश्न वहीत येतो. त्याचे उत्तर ‘हो’ येईलच असे नाही, पण केवळ ८२३ च्या कपाटासमोर उभे राहून तो सुचलाच नसता.

कपाटासमोर पुस्तक पारखणे

हाती आलेले प्रत्येक पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला लागू नये. आधी शीर्षकपृष्ठ आणि त्याच्या मागची बाजू पाहावी, म्हणजे आवृत्ती आणि साल कळते. मग अनुक्रमणिका, मग प्रस्तावना, आणि त्यानंतर सरळ शेवटच्या सूचीकडे जावे. आपल्या शोधयादीतील चार-पाच शब्द आणि नावे सूचीत किती पानांवर आली आहेत हे पाहिले की पुस्तक उपयोगाचे आहे की नाही ते दहा मिनिटांत ठरते. संदर्भग्रंथांची यादी वेगळी वाचावी. तीन पुस्तकांच्या याद्यांत एकच ग्रंथ आढळला तर त्याला मागणीच्या यादीत पहिले स्थान द्यावे.

कोणती आवृत्ती, कोणाचा अनुवाद

साहित्याच्या अभ्यासात आवृत्ती ही किरकोळ बाब नाही. गटेने ‘वेर्थर’ १७७४ साली प्रसिद्ध केली आणि १७८७ साली तिची सुधारलेली आवृत्ती काढली. आपल्या हातातला अनुवाद यांपैकी कोणत्या पाठावरून केला आहे हे ठाऊक नसेल, तर समीक्षक ज्या प्रसंगाबद्दल लिहितो तो आपल्या प्रतीत वेगळा असू शकतो. रिचर्डसननेही ‘पामेला’चा मजकूर वारंवार दुरुस्त केला. संपादकीय प्रस्तावना आणि पाठाविषयीची टीप असलेली आवृत्ती ग्रंथालयात असेल तर तीच घ्यावी. अनुवाद दोन उपलब्ध असतील तर एखादे पत्र दोन्हींतून शेजारी ठेवून वाचावे. अनुवादकाने काय सोडले आणि काय जोडले याचा अंदाज तेवढ्यावरून येतो.

आयएसबीएन क्रमांक नेमकी आवृत्ती मागवताना उपयोगी पडतो, कारण एकाच पुस्तकाच्या पुठ्ठा बांधणीच्या आणि कागदी बांधणीच्या प्रतींना वेगवेगळे क्रमांक असतात. २००७ पासून तो १३ अंकी झाला, त्यापूर्वी १० अंकी होता. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापूर्वी ही पद्धतच नव्हती, म्हणून जुन्या पुस्तकासाठी लेखक, प्रकाशक आणि साल यांवरच विसंबावे लागते.

नियतकालिकांचा विभाग

पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा वाचकांनी त्याचे स्वागत कसे केले हे नंतरच्या ग्रंथांत गाळून, घासूनपुसून आलेले असते. ते मुळातून पाहायचे तर त्या काळची मासिके आणि वृत्तपत्रे हवीत. ग्रंथालयांत त्यांचे वर्षवार बांधलेले खंड असतात, काही ठिकाणी सूक्ष्मपटावर (मायक्रोफिल्मवर) उतरवलेल्या प्रती असतात. सूक्ष्मपट वाचण्याचे यंत्र आधी वेळ ठरवून घ्यावे लागते. मासिकांच्या वर्षअखेरच्या अंकात अनेकदा वार्षिक सूची असते. ती आधी पाहिली तर बारा अंक चाळण्याचे श्रम वाचतात.

पुष्कळ ग्रंथालये सभासदांना शोधनिबंधांच्या विदागारांत (डेटाबेसमध्ये) प्रवेश देतात आणि कित्येक वाचकांना हे ठाऊकच नसते. सभासद क्रमांकावर कोणते विदागार उघडता येते आणि ते घरूनही पाहता येते का, हे विचारावे. एखादा निबंध उपयुक्त वाटला तर त्याच्या तळटिपांतून मागे जावे आणि त्याचा उल्लेख पुढे कोणी केला आहे ते पाहून पुढेही यावे.

ग्रंथपालाला काय विचारावे

‘कादंबरीवर काही पुस्तके आहेत का?’ असे विचारले तर ग्रंथपाल कादंबऱ्यांच्या कपाटाकडे बोट दाखवील, आणि त्यात त्याची चूक नाही. आपल्या वहीतले पूर्ण वाक्य त्याला वाचून दाखवावे, आतापर्यंत काय पाहिले, कोणत्या शब्दांनी शोधले आणि कुठे अडले ते सांगावे. अडलेली जागा कळली की अनुभवी ग्रंथपाल तालिकेत न दिसणाऱ्या गोष्टी काढून देतो: देणगीत आलेला पण अजून नोंद न झालेला संग्रह, स्थानिक लेखकांच्या कात्रणांच्या फायली, बंद कपाटातील खंड. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असे सांगते. विचारणे म्हणजे त्रास देणे असा संकोच वाचकाने मनातून काढून टाकावा, कारण हेच त्यांचे काम आहे आणि ते मनापासून करणारी माणसे मी पाहिली आहेत. फक्त गर्दीची वेळ टाळावी.

पुस्तक येथे नसेल तर

अनेक ग्रंथालयांचा संग्रह एकत्र दाखवणाऱ्या संयुक्त तालिका असतात. वर्ल्डकॅट ही त्यांतील सर्वांत मोठी. तिच्यात पुस्तक कुठे आहे ते पाहून आपल्या ग्रंथालयामार्फत आंतरग्रंथालयीन देवघेवीची विनंती करता येते. पुस्तक यायला दिवस लागतात, म्हणून ही विनंती शोधाच्या सुरुवातीच्या टप्प्यातच करावी. ग्रंथालयाने नवे पुस्तक विकत घ्यावे अशी सूचना करण्याचीही सोय बहुधा असते.

स्वामित्वहक्काची मुदत संपलेली जुनी पुस्तके १९७१ साली सुरू झालेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्गवर आणि इंटरनेट आर्काइव्हवर मोफत वाचता येतात. शब्दशोधासाठी ती उत्तम, परंतु उद्धृत करण्यासाठी पानांची छायाचित्रे असलेली प्रत निवडावी. नुसत्या मजकुराच्या प्रतीत पानांचे क्रमांक अनेकदा नसतात आणि कोणती मूळ आवृत्ती वापरली हेही स्पष्ट नसते.

टिपण

प्रत्येक पुस्तकासाठी वहीचे वेगळे पान करावे आणि मजकूर उतरवण्याआधी लेखक, शीर्षक, अनुवादक किंवा संपादक, प्रकाशक, साल, आवृत्ती आणि बोधांक लिहावा. पुस्तकातील शब्द जसेच्या तसे घेतले तर अवतरणचिन्हांत, आपले विचार वेगळ्या शाईत, आणि प्रत्येक टिपणासमोर पृष्ठक्रमांक. मी एकदा पृष्ठक्रमांकाशिवाय चाळीसेक उतारे लिहून घेतले होते. सहा महिन्यांनी त्यांतील निम्मे पुन्हा शोधावे लागले आणि दोन उतारे तर लेखकाचे आहेत की माझे स्वतःचे, हे आजही मला सांगता येत नाही. ते मी वापरले नाहीत. पानाचे छायाचित्र काढले तरी टिपण लिहावेच, आणि त्यापूर्वी छायाचित्राची परवानगी आहे का ते विचारावे. कोणत्या शब्दाने शोधून काही सापडले नाही याचीही तारखेसह नोंद ठेवावी, म्हणजे पुढच्या महिन्यात तीच रिकामी वाट पुन्हा चालावी लागत नाही.

उठताना वाचलेली पुस्तके स्वतः कपाटात परत ठेवू नयेत. ती वाचन टेबलावर किंवा नेमून दिलेल्या गाड्यावर ठेवावीत. दोन वर्गांक पलीकडे गेलेले पुस्तक तालिकेत ‘उपलब्ध’ दिसते आणि पुढच्या वाचकाला सापडत नाही.